आमची वस्ती मोजा, मोडू नका : बपेरा परिसरातील स्थलांतरित कुटुंबांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, भंडारा
मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका
मा. अपर कामगार आयुक्त, नागपूर

विषय : तुमसर तालुक्यातून नागपूर व इतर शहरांत कामाला गेलेल्या कुटुंबांच्या वस्त्यांची नोंद, राहण्याची हमी व सोयींबाबत.

महोदय,

बपेरा हे तुमसर तालुक्याच्या टोकाचे गाव. सिहोऱ्याहून पुढे आले की महाराष्ट्र इथे संपतो आणि बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा लागतो. या पट्ट्यातली बहुतेक घरे धानावर जगतात. मृगात परे टाकायचे, आषाढ-श्रावणात रोवणी, दिवाळीच्या मागेपुढे कापणी आणि मग चुरणा. ज्यांच्या बांधीला चांदपूर तलावाचे पाणी पोचते ते उन्हाळी धान घेतात. ज्यांच्या बांधीला पोचत नाही, किंवा ज्यांना बांधीच नाही, त्यांच्या हाताला पुढच्या पावसापर्यंत काम नसते. मोहफूल आणि तेंदूपत्ता यांवर काही आठवडे निघतात. त्यानंतर माणूस पिशवी भरून बस पकडतो.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १५.९९ टक्क्यांनी वाढली. भंडारा जिल्ह्याची वाढ ५.६५ टक्के होती. घरातली मुले कमी झाली हे त्याचे एक कारण आहेच. दुसरे कारण आमच्या प्रत्येक टोलीत, प्रत्येक मोहल्ल्यात कुलूप लावलेल्या घरांच्या रूपाने उभे आहे. माणसे गेली आहेत. ती कुठे गेली, कुठे राहतात, एकत्र का राहतात आणि त्यांच्यासाठी काय करायला हवे, हे सांगण्यासाठी आम्ही, बपेरा व सिहोरा भागातल्या स्थलांतरित कुटुंबांची संघटना, हे मागणीपत्र देत आहोत.

आमची माणसे शहरात वाऱ्यावर विखुरलेली नाहीत. नागपूरला गेलेला माणूस बहुधा शहराच्या पूर्वेलाच उतरतो आणि तिथेच राहतो. भंडारा रोडने येणारी बस त्याला पारडीत सोडते, गोंदियाकडून येणारी गाडी इतवारीत. कळमन्याच्या बाजार समितीत हमालीचे काम आहे, धान्य-मिरचीच्या गोण्या आहेत. पारडी, भरतवाडा, कळमना, वाठोडा या भागांत शेतजमिनींचे तुकडे पाडून झालेल्या लेआउटमध्ये किरायाची खोली परवडते. ती का परवडते, हेही सांगितले पाहिजे. शहराचा कचरा भांडेवाडीला जातो, आणि भांडेवाडी पूर्वेला आहे. नाग नदी सगळ्या शहराचे सांडपाणी घेऊन पूर्वेकडेच वाहते. जिथे शहर आपली घाण टाकते तिथली जमीन स्वस्त राहते, आणि स्वस्त जमिनीवर नवा आलेला माणूस राहतो.

अशा खोलीत एकदा यावे, ही अधिकाऱ्यांना विनंती आहे. वर टिनाचे छप्पर, दहा बाय दहाची जागा, भिंतीला खिळे, खिळ्यांना पाच जणांच्या पिशव्या. एक गॅस, एक कुकर. भाताचा तांदूळ गावाहून आलेला असतो, कारण दुकानातला तांदूळ परवडत नाही आणि घरच्या तांदळाची चवही त्याला नाही. विजेचे मीटर घरमालकाचे. तो युनिटमागे आपला दर लावतो. स्वयंपाकाची पाळी ठरलेली, झाडझूड करायची पाळी ठरलेली, आणि ज्याला त्या दिवशी मजुरांच्या ठिय्यावर काम मिळाले नाही त्याने पाणी भरायचे. खोली एकाच्या नावावर असते, तीही तोंडी. तो गावी गेला की दुसरा किराया देतो. काही खोल्यांत दर हंगामाला आमच्याच गावची माणसे असतात. थोरला भाऊ गेला की धाकटा येतो, मग भाचा येतो.

कामही तसेच मिळते. सकाळी सातच्या आत ठिय्यावर उभे राहायचे. सेंट्रिंगवाला, गवंडी, पेंटर, बेलदार, सगळे आपापल्या कोपऱ्यात. ठेकेदार अनोळखी माणसाला सहज नेत नाही. "हा आमच्या गावचा आहे" असे कुणी म्हटले की नेतो. मजुरी बुडाली तर विचारायला जाणारे गावचेच, कुणी मचानावरून पडला तर मेडिकलला नेणारे गावचेच, आणि वाईट प्रसंग आला तर गाडी करून मयत गावी पोचवायला वर्गणी काढणारेही तेच. सरकारी कागदावर ज्या सोयी लिहिलेल्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा प्रत्यक्षात ही वस्तीच पुरवते.

एकत्र राहण्याची ही रीत आम्ही शोधलेली नाही. नागपूर असेच वाढले आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीभोवती कामगारांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. मोमीनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले विणकर स्थिरावले. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे जरीपटक्यात वसली. छत्तीसगडहून आलेल्या मजुरांनी पूर्व नागपुरात वस्ती केली आणि तिला आपल्या खासदार मिनीमाता यांचे नाव दिले. मिनीमाता नगर आजही आहे. मुंबईत कामाठीपुऱ्याचे नाव तेलुगू कामाठी मजुरांवरून पडले. धारावीत तिरुनेलवेलीकडून आलेले चामडे कमावणारे एका अंगाला, सौराष्ट्रातले कुंभार कुंभारवाड्यात. लालबाग-परळच्या चाळींत सातारा-रत्नागिरीच्या गावमंडळांच्या खोल्या होत्या. गावचा कुणीही आला की त्याला तिथे पथारी टाकायची जागा असे, आणि जेवण खानावळवाल्या बायका देत. त्या बायकांची संघटना करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. लंडनच्या साउथॉलमध्ये पंजाबी माणूस कारखान्यांच्या आणि विमानतळाच्या आसपास वसला, न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये भारतीय, त्यात आपली मराठी मंडळीही, एकमेकांच्या शेजारी घरे घेऊन राहतात. शिकलेला, इंग्रजी बोलणारा, चांगल्या पगाराचा माणूसही परक्या मुलखात आपल्या माणसाजवळ घर शोधतो. तेव्हा आमचा बेलदार पारडीत गाववाल्याशेजारी खोली घेतो यात अडाणीपणा नाही.

एक फरक मात्र झाला आहे. पूर्वीचा माणूस शहराच्या पोटात वसे, इतवारीत, मोमीनपुऱ्यात, गिरणीच्या भिंतीला लागून. आता त्या भागांतला किराया त्याच्या आवाक्यात नाही. तो थेट शहराच्या कडेला जातो. पारडीच्या पुढे, वाडीकडे, हिंगणा एमआयडीसीच्या मागे, बुटीबोरीच्या कारखान्यांजवळच्या खेड्यांत. पुण्याला गेलेली आमची पोरेही वाघोली, चाकण, भोसरी हीच नावे सांगतात. काही कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि तिथे शेतातच पाल ठोकतात. शहराच्या कडेला महापालिका संपलेली असते आणि ग्रामपंचायतीला ही माणसे आपली वाटत नाहीत. नळ नाही, नाली नाही, अंगणवाडीच्या यादीत पोराचे नाव नाही. या हद्दीच्या फटीत आमची वस्ती वाढते आहे.

आमच्या वस्त्यांत दोष नाहीत असे आम्ही म्हणत नाही. जो आधी गेला तोच पुढे ठेकेदाराचा माणूस होतो आणि गाववाल्याच्याच मजुरीतून कमिशन कापतो. बाप सेंट्रिंगवर, तर पोरगाही सेंट्रिंगवरच, कारण वस्तीत दुसरे काम माहीत असलेला कुणी नसतो. गावात ज्या जातीचा मोहल्ला वेगळा, तिची खोलीही शहरात पुष्कळदा वेगळीच. ही बंधने तुटावीत असे आम्हाला मनापासून वाटते. पण माणसांना उचलून चार दिशांना फेकल्याने ती तुटत नाहीत. चांगली शाळा, बस आणि पक्के किरायापत्र हाती आले म्हणजे तुटतात. यासाठी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

मागणी पहिली : नोंद, आणि ती दोन्ही टोकांना.

गावात विचारले तर आम्ही नागपूरला असतो, नागपुरात विचारले तर आम्ही बपेऱ्याचे असतो. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. गावचा कर्मचारी म्हणतो, काम शहरात केले, दाखला तिथून आणा. शहरातला म्हणतो, आधारवर पत्ता गावचा, तिकडूनच आणा. यात एक दिवसाची मजुरी आणि बसचे तिकीट जाते, आणि माणूस तो नाद सोडून देतो. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर याच कामगारांच्या नावाने गोळा होतो. ज्यांच्या नावाने पैसा गोळा होतो त्यांनाच यादीत जागा नसावी, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून सिहोरा भागातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत स्थलांतर नोंदवही ठेवावी. जाणाऱ्याचे नाव, सोबत कोण, कुठल्या शहरात, कुठल्या वस्तीत, कोणत्या कामाला, मुले सोबत की मागे, एवढे त्यात असावे. ती नोंद नागपूर महापालिकेच्या संबंधित झोनला, मुख्यतः पारडी-कळमना ज्यात येतात त्या लकडगंज झोनला, दर हंगामाला जावी. वहीतला उतारा नव्वद दिवसांच्या दाखल्यासाठी पुरावा म्हणून धरावा. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली तेव्हा आमच्या अनेकांनी कार्डे काढली. त्या कार्डावर माणूस आहे, त्याची वस्ती नाही. नळ कुठे टाकायचा, अंगणवाडी कुठे उघडायची, हे त्या कार्डावरून कुणालाही कळत नाही.

याच मागणीत जनगणनेचा मुद्दा आहे आणि तो तातडीचा आहे. जनगणना २०२७ साठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. फेब्रुवारी-मार्च म्हणजे आमचे लोक गावात नसण्याचे महिने. घराला कुलूप असेल तर गावात गणती चुकते, आणि शहरात पाच जणांच्या खोलीवर प्रगणक पोचला नाही तर तिथेही चुकते. २०११ नंतर इतक्या वर्षांनी गणती होत आहे. या वेळी सुटलो तर पुढची कित्येक वर्षे आम्ही कुठल्याच नियोजनात नसू. पूर्व नागपुरातल्या किरायाच्या खोल्या, बांधकामावरच्या झोपड्या आणि वीटभट्ट्या यांची वेगळी यादी करून प्रगणक रात्री किंवा रविवारी तिथे जाईल, अशी व्यवस्था भंडारा व नागपूर या दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाने मिळून करावी. वस्ती दाखवायला आमची माणसे सोबत येतील.

मागणी दुसरी : किरायाचा कागद.

नागपुरात अनधिकृत अभिन्यासांचा विषय निघाला की ५७२ आणि १९०० अभिन्यास हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने असे भूखंड नियमित करण्याची वाट उघडली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मोकळी केली. शासकीय जमिनीवरच्या घरांसाठी १ जानेवारी २०११ ही तारीख धरली जाते. या सगळ्या निर्णयांचे आम्ही स्वागत करतो. पण ते ज्याच्याकडे भूखंड आहे किंवा ज्याने स्वतः झोपडी बांधली त्याच्यासाठी आहेत. आमचा माणूस त्या भूखंडावरच्या मागच्या खोलीत किरायाने राहतो. लेआउट नियमित झाला, रस्ता झाला, नळ आला, की किराया वाढतो आणि तो आणखी दोन किलोमीटर पुढे सरकतो. शहराची प्रत्येक सुधारणा त्याला बाहेर ढकलत जाते.

या माणसासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर ते खोटे ठरत नाही तोवर. कायदा इतका स्पष्ट आहे. आमच्या माणसाला तो माहीत नाही, आणि माहीत झाला तरी तो बोलू शकत नाही, कारण बोलला तर त्याच संध्याकाळी खोली रिकामी करावी लागते.

एका खोलीच्या किरायासाठी एक पानाचा मराठी-हिंदी नमुना करार तयार करावा. झोन कार्यालयात ठराविक दिवशी नाममात्र शुल्कात त्याची नोंदणी व्हावी. वस्तीत शिबिरे घ्यावीत आणि घरमालकांनाही बोलवावे. तेही पुष्कळदा आमच्यासारखेच कष्टाने प्लॉट घेतलेले लोक आहेत, त्यांना शत्रू ठरवण्याची आमची इच्छा नाही. करार नोंदवणाऱ्या घरमालकाला मालमत्ता करात सवलत देण्याचा महापालिकेने विचार करावा. करारात विजेचा दर लिहिलेला असावा. हा एक कागद हाती असला की गॅसची जोडणी, बँकेचे खाते, पोराचा शाळाप्रवेश आणि पोलिसांसमोर उभे राहणे, या सगळ्याच गोष्टी सोप्या होतात. आमच्या मते सगळ्या मागण्यांत हीच मागणी सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जास्त फळ देणारी आहे.

मागणी तिसरी : नदीच्या दोन काठांना एक न्याय.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा आणि बालाघाट हे एकाच राज्यात होते आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि बावनथडी सीमा झाली. सोयरीक थांबली नाही, बाजार थांबला नाही, नागपूरला कामाला जाणेही थांबले नाही. आजही पारडीच्या एकाच खोलीत बपेऱ्याचा एक आणि खैरलांजी-वारासिवनीकडचा दुसरा असे शेजारी झोपतात. बोली एक, काम एक, ठेकेदार एक.

कायदा मात्र दोघांना वेगळे धरतो. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात प्रवासभत्ता, राहण्याची सोय, वैद्यकीय मदत या गोष्टी होत्या. पाच किंवा अधिक असे कामगार असतील तिथे तो लागू होई. २०२० च्या संहितेने ती मर्यादा दहावर नेली, मात्र स्वतःहून आलेल्या कामगारालाही व्याख्येत घेतले. या दोन्हींत आधार आहे राज्याची सीमा ओलांडण्याचा. बालाघाटचा माणूस ती ओलांडून नागपुरात आला, म्हणून तो स्थलांतरित. बपेऱ्याचा माणूस त्याच रस्त्याने, तितक्याच गरजेने आला, पण तो आपल्याच राज्यात आहे, म्हणून या कायद्याच्या दृष्टीने तो कुणीच नाही. तोच उद्या हैदराबादला गेला तर त्याला ते हक्क लागू होतात. ठिय्यावरच्या चार-सहा जणांच्या टोळीला, मग ती कुठल्याही काठची असो, दहाची अट गाठताच येत नाही.

राज्य शासनाने जिल्ह्याबाहेर कामाला जाणाऱ्या राज्यांतर्गत स्थलांतरितांसाठी स्वतःचे नियम करावेत, लहान टोळ्यांनाही ते लागू करावेत, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी तसा प्रस्ताव शासनाकडे पाठवावा. बालाघाट जिल्हा प्रशासनाशी बोलून बपेरा सीमेवर दोन्ही राज्यांचे एक सामायिक माहिती केंद्रही उघडता येईल. मार्च २०२० च्या टाळेबंदीत राज्यांच्या सीमा बंद झाल्या आणि दोन्हीकडची माणसे रस्त्यावर अडकली. ८ मे २०२० रोजी जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातले १६ मजूर औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली सापडून मेले. ते आमच्या गावचे नव्हते, पण त्यांच्यासारखेच आमचे किती तरी जण त्या दिवसांत चालत होते. त्यांची नोंद कुठल्याच जिल्ह्याकडे नव्हती, म्हणून त्यांना वेळेवर गाडीही मिळाली नाही.

मागणी चौथी : पुनर्वसन जागच्या जागी.

वस्ती हटवायची वेळ आलीच तर तिथल्या माणसांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, एकेकाला वेगळ्या इमारतीत टाकू नये. ठिय्यापासून आणि बसथांब्यापासून दूर गेलेल्या घराला कुलूप लागते आणि माणूस परत जुन्या जागी खोली शोधतो. फाळणीनंतर शासनाने कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासितांना एकत्र वसवले, त्यातून उल्हासनगर उभे राहिले. तेव्हा जे सुचले आणि जमले, ते आज का जमू नये? २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली. त्यातली किंवा तिच्या धर्तीवरची घरे पूर्व नागपुरात, कळमना बाजार आणि मेट्रोच्या प्रजापती नगर स्थानकाच्या आवाक्यात बांधावीत. तिथून हिंगणा एमआयडीसीच्या बाजूच्या लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो थेट जाते. कामगारांसाठी सवलतीचा मासिक पास दिला तर पूर्वेला राहून पश्चिमेला काम करता येईल. एकट्या पुरुषांसाठी खाटेवार किराया आणि कुटुंबांसाठी वेगळ्या खोल्या, असे दोन्ही प्रकार असावेत.

मागणी पाचवी : शिधा आणि शाळा.

एक देश एक रेशनकार्ड योजना आहे, आणि कुटुंबातल्या काहींनी शहरात व काहींनी गावात आपापला हिस्सा उचलण्याची सोयही तिच्यात आहे. दुकानदार "तुमचे कार्ड भंडाऱ्याचे" म्हणून परत पाठवतो. हे चालू देऊ नये. पूर्व नागपुरातल्या प्रत्येक स्वस्त धान्य दुकानाबाहेर, बाहेरच्या कार्डावर धान्य मिळते, असा ठळक फलक लावावा.

मुलांचे तसेच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. वयाप्रमाणे वर्गात प्रवेश आणि शाळा बदलण्याचा हक्क त्यात आहे. दाखल्यासाठी प्रवेश अडवू नये. ज्या कुटुंबांना मुले मागे ठेवायची आहेत त्यांच्यासाठी, मराठवाड्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालवली जातात तशी, हंगामी वसतिगृहे सिहोरा भागात सुरू करावीत. आजी-आजोबांच्या अंगावर टाकलेली पोरे जानेवारीनंतर शाळेत दिसेनाशी होतात, हे आमच्या भागातला कुठलाही शिक्षक सांगेल.

मागणी सहावी : बाया आणि ठिय्या.

पुरुष ठिय्यावर जातो, बाई धुणी-भांडी करते किंवा बांधकामावर गारा-विटा वाहते. वस्तीत गावची शेजारीण असली तरच तिला लेकरू ठेवून कामावर जाता येते. म्हणून वस्तीच्या आत पाळणाघर आणि अंगणवाडी हवी, दोन किलोमीटरवरची कामाची नाही. ठिय्यावर सावली, पिण्याचे पाणी आणि बायांसाठी स्वच्छतागृह हवे. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात सकाळी अकरापर्यंत कामाची वाट पाहत उभी राहिलेली बाई पाणी पीत नाही, कारण पाणी प्यायले तर जायला जागा नाही. महापालिकेला याची लाज वाटली पाहिजे. आमच्या जिल्ह्यातून जिथे सर्वाधिक मजूर येतात अशा ठिय्यांची यादी आम्ही सोबत घेऊन येऊ.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. ज्याला जायचे नाही त्याच्यासाठी गावात काम हवे. रोजगार हमीची कल्पना देशाला महाराष्ट्राने दिली, १९७७ च्या कायद्याने. कापणीनंतर लगेच बोड्या-तलावांचा गाळ, पांदण रस्ते आणि पाटचाऱ्यांची कामे सुरू झाली, आणि मजुरी वेळेवर मिळाली, तर आमच्यातले कितीतरी जण बस पकडणार नाहीत. काम मार्चमध्ये मंजूर होऊन उपयोग नाही. तोवर गाव रिकामे झालेले असते.

या मागण्यांवर प्रत्येक कार्यालयाने आपल्या अखत्यारीतल्या मुद्द्यांचे लेखी उत्तर द्यावे. तिन्ही कार्यालयांची एक संयुक्त बैठक बपेऱ्यात घ्यावी, आणि ती धान चुरून झाल्यावर, पण लोक बाहेर पडायच्या आधी घ्यावी. उन्हाळ्यात घेतली तर समोर फक्त म्हातारी माणसे आणि लेकरे बसलेली असतील, आणि ज्यांच्याबद्दल बोलायचे ते पारडीच्या ठिय्यावर असतील. बैठकीची तारीख पंधरा दिवस आधी कळवावी. शहरात असलेल्या आमच्या लोकांना आम्ही त्या दिवसापुरते बोलावून घेऊ. त्यांची एका दिवसाची मजुरी बुडेल, तरी ते येतील. आपणही यावे, ही कळकळीची विनंती.

आपले,
बपेरा व सिहोरा परिसरातील स्थलांतरित कुटुंबे
(सह्या व अंगठे सोबतच्या पानांवर)